बँड अगदी जागेवर होता : फॉस्फो-पी६५ अँटिबॉडीच्या एका लॉटचं प्रकरण

शून्य मिनिटाची लेन जवळजवळ कोरी यायला हवी होती. ती काळी आली.

ब्लॉट आमच्या एका शोधविद्यार्थिनीचा. (ब्लॉट म्हणजे पेशींतली प्रथिनं वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर घ्यायची आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधायचं. प्रत्येक नमुन्याची एक लेन, आणि प्रथिन सापडलं तिथे गडद पट्टी, म्हणजे बँड.) टीएचपी-१ या मानवी पेशींना पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज या भक्षक पेशींसारखं करायचं, मग एलपीएस हा दाह चेतवणारा जीवाणूंच्या आवरणाचा घटक द्यायचा, आणि ०, १५, ३० आणि ६० मिनिटांनी पेशी फोडून लायसेट गोठवून ठेवायचं. पाहायचं एवढंच की पी६५ या प्रथिनाच्या ५३६ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट किती लागतं, आणि आम्ही तपासत असलेलं संयुग आधी दिलं तर ते कमी होतं का. हाच प्रयोग तिने आधी पुष्कळदा केला होता. दर वेळी शून्याची लेन फिकी, पंधराची गडद, तीसची सगळ्यांत गडद. या वेळी चारही लेन एकसारख्या.

"ताई, पेशी बिघडल्या असणार," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. पुढचे जवळजवळ दोन महिने आम्ही पेशींच्या मागे लागलो, आणि पेशी निर्दोष होत्या. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण हेच की आमच्याकडे अँटिबॉडीवर शंका घेण्यासारखं सगळं पहिल्या दिवसापासून होतं, पण एका चांगल्या कंट्रोलने, म्हणजे पडताळणीसाठीच्या तुलनेने, आमचं समाधान करून टाकलं.

आधी प्रथिनाबद्दल थोडं. एनएफ-कप्पा-बी हा दाहाच्या संदेशवहनातला मध्यवर्ती घटक. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो बी-पेशींमध्ये, कप्पा साखळीच्या जनुकातल्या एका तुकड्याला चिकटणारं प्रथिन म्हणून दाखवला. नाव त्यावरूनच पडलं. त्याच्या जोडीतला पी६५ शांत पेशीत आयकप्पाबी-अल्फा या प्रथिनाच्या पकडीत, पेशीद्रवात अडकून असतो. एलपीएसमुळे टीएलआर-४ हा पेशीवरचा रिसेप्टर जागा झाला की निरोप मायडी८८, इराक, ट्राफ-६ आणि टॅक-१ असा हातोहात आयकेके या एन्झाइमपर्यंत पोचतो. आयकेके आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, ते प्रथिन प्रोटिअसोम या पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेत नष्ट होतं, आणि सुटलेला पी६५ केंद्रकात शिरतो. याच दरम्यान पी६५ च्या ५३६ व्या सेरीनवरही फॉस्फेट बसतं. म्हणून ही जागा वाचणारी अँटिबॉडी दाहावर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रीझरमध्ये सापडते. (उंदराच्या पी६५ मध्ये हीच जागा ५३४ आहे. दोन लेख शेजारी ठेवून वाचताना नवखे लोक इथे हमखास अडखळतात.)

आमची अँटिबॉडी सशाची, पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण होती. जुनी व्हायल संपली, त्याच कॅटलॉग क्रमांकाची नवी मागवली, ती आली आणि वापरात गेली. व्हायलवरचा लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, वेगळा होता. तो वहीत नोंदवलाही होता. पण नोंदवणं आणि लक्षात घेणं यांत अंतर असतं.

पेशींवर संशय घ्यायला कारणं होतीच. पीएमए स्वतःच एनएफ-कप्पा-बी जागं करतं, म्हणून ते काढून टाकल्यावर पेशींना पुरेशी विश्रांती द्यावी लागते. ती कमी पडली असेल, असं पहिल्यांदा वाटलं. विश्रांती एक दिवसावरून तीन दिवसांवर नेली. फरक पडला नाही. मग सीरममध्ये एलपीएसचा अंश आहे का, हा प्रश्न आला, सीरम बदललं. मग मायकोप्लाझ्मा, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत गुपचूप शिरणारे जीवाणू. हा संशय मला सगळ्यांत खरा वाटत होता. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. माध्यम गढूळही दिसत नाही. आणि त्याची लिपोप्रथिनं टीएलआर-२ मार्फत एनएफ-कप्पा-बी सतत धुमसत ठेवतात. शांत पेशीत फॉस्फो-पी६५ दिसण्याचं याहून सरळ स्पष्टीकरण कुठलं? पीसीआर केला, निगेटिव्ह आला. तरीही आम्ही त्या पेशी टाकून दिल्या आणि द्रव नायट्रोजनमधून जुन्या पासेजची व्हायल काढून नव्याने वाढवल्या. महिना त्यात गेला. नव्या पेशींचा ब्लॉट आला, चारही लेन पुन्हा सारख्याच.

मधे ब्लॉकिंगवरही, म्हणजे मेम्ब्रेनवरची मोकळी जागा आधी दुसऱ्या प्रथिनाने झाकण्यावरही, शंका घेऊन झाली. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे, म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीसाठी दूध पावडर टाळून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरायचं, हे लॅबमध्ये सगळे सांगतात. आमच्याकडे आधीपासून बीएसएच होतं, ५ टक्के. अँटिबॉडी एकास हजार, ४ अंशांना रात्रभर. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तोवर अँटिबॉडीचं नाव निघालं होतं. तेव्हा मी सुचवलं की शेजारच्या गटाकडे क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने पी६५ चं जनुक निकामी केलेल्या (नॉकआउट) हेला या मानवी पेशी आहेत, त्यांचं लायसेट मागून घेऊ. मूळ हेला आणि नॉकआउट हेला, दोन्हींना टीएनएफ हे दाह चेतवणारं प्रथिन देऊन आणि न देता, अशा चार लेन लावल्या. निकाल डोळ्यांना सुखावणारा होता. मूळ पेशींत ६५ किलोडाल्टनच्या जागी एकच ठसठशीत बँड. नॉकआउटच्या दोन्ही लेन स्वच्छ, वर-खाली दुसरं काहीही नाही. अँटिबॉडी पी६५ च पाहते आहे, यात शंका उरली नाही. ब्लॉटच्या प्रिंटवर मी स्वतः लिहिलं : अँटिबॉडी ठीक.

ती माझी चूक होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे सांगायला हवं. त्या ब्लॉटवर मूळ हेलाच्या दोन लेन होत्या, टीएनएफ दिलेली आणि न दिलेली. दोन्हींतला बँड सारखाच गडद होता. मी नॉकआउटच्या लेनकडे पाहण्यात इतकी गुंतले होते की शेजारच्या दोन लेनकडे माझं लक्षच गेलं नाही. ज्या तक्रारीवरून आम्ही निघालो होतो तीच तिथे, दुसऱ्या प्रकारच्या पेशीत, दुसऱ्या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशीत, पुन्हा उभी होती. टीएचपी-१ बिघडल्या असत्या तर हेलामध्ये हे दिसण्याचं काहीच कारण नव्हतं.

नॉकआउटला मी कमी लेखत नाही. पी६५ च्या बाबतीत तर तो फार मोलाचा. पी६५ नसलेले उंदराचे भ्रूण यकृतातल्या पेशी मरून पंधराव्या-सोळाव्या दिवशीच दगावतात, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या ऊतकात खरा कंट्रोल मिळवणं कठीण, आणि या प्रथिनाच्या अँटिबॉडींवर वर्षानुवर्षं विश्वासावर काम चाललं. २०११ मध्ये मेंदूच्या ऊतकात पी६५ आणि पी५० च्या अँटिबॉडी तपासून एका गटाने सावधगिरीचा इशारा दिला होता, कारण वापरातल्या अनेक अँटिबॉडी भलतंच काही रंगवत होत्या. पुढे २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ व्यापारी अँटिबॉडी नॉकआउट पेशींसमोर लावून पाहिलेलं मोठं काम प्रसिद्ध झालं, आणि निम्म्याहून जास्त अँटिबॉडी कुठल्या ना कुठल्या वापरात नापास झाल्या. तेव्हा नॉकआउट हवाच. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : हे प्रथिन पी६५ आहे का? आमची अँटिबॉडी विकत घेतली होती ती दुसऱ्या प्रश्नासाठी : या पी६५ वर ५३६ ला फॉस्फेट आहे का? पी६५ काढून टाकला की फॉस्फेट असलेला आणि नसलेला, दोन्ही एकदम जातात. लेन स्वच्छ दिसणारच.

हे माझ्या ध्यानात आलं ते विद्यार्थिनीमुळे. एका संध्याकाळी ती तिच्या टीएचपी-१ च्या ब्लॉटचे दोन भाग शेजारी ठेवून बसली होती. वरच्या भागात फॉस्फो-पी६५, खालच्या भागात आयकप्पाबी-अल्फा. "ताई, शून्याच्या लेनमध्ये आयकप्पाबी पूर्ण आहे. तीसला नाहीसा होतोय. म्हणजे पेशी शांतच होत्या ना?" मी लगेच हो म्हटलं नाही. आयकप्पाबी-अल्फाचं जनुक एनएफ-कप्पा-बीच चालवतो. प्रथिन नष्ट झालं की तासाभरात नवं तयार होऊ लागतं. दाह सतत धुमसत असेल तरीही आयकप्पाबी भरलेला दिसू शकतो. त्यामुळे तेवढ्यावर पेशींना सोडून देता येत नव्हतं. पण तिने त्याच पेशींवरचं माध्यम जपून ठेवलं होतं. त्यात एलायझा या चाचणीने टीएनएफ आणि आयएल-८ ही दाहाची प्रथिनं मोजली. एलपीएस न दिलेल्या पेशींत दोन्ही तळाशी, दिलेल्यांत भरपूर. केंद्रक वेगळं काढून पाहिलं, तर शांत पेशींच्या केंद्रकात पी६५ नावापुरता. अँटिबॉडीखेरीज प्रत्येक साक्षीदार एकच सांगत होता.

मग लॅम्डा फॉस्फटेज. लायसेटला हे एन्झाइम दिलं की प्रथिनांवरची फॉस्फेटं निघून जातात. फॉस्फो-अँटिबॉडीचा बँड गेलाच पाहिजे. आम्ही फ्रीझरमधलं तयार लायसेट घेतलं, मॅंगनीज घातलं, एन्झाइम घातलं, ३० अंशांना अर्धा तास ठेवलं. बँड जसाच्या तसा. विद्यार्थिनी आनंदली, गुन्हेगार सापडला म्हणून. पण लायसेट तयार करताना आपण त्यात सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट घातलं होतं, हे मला त्याच रात्री आठवलं. ती घालतातच मुळी फॉस्फटेज बंद पाडायला. शिवाय बफरमध्ये ईडीटीए होतं, जे मॅंगनीज धरून ठेवतं. एन्झाइम चाललंच नसावं. म्हणजे तो निकाल आमच्या बाजूचा दिसत असला तरी त्याला काही अर्थ नव्हता. सकाळी तिला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण दुपारपर्यंत तिने नव्या पेशी फोडायला घेतल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला लायसेट या सगळ्या घटकांशिवाय, बर्फावर, घाईने तयार केलं आणि लगेच एन्झाइम दिलं. मेम्ब्रेनवर शेजारीच फॉस्फो-पी३८ ची, म्हणजे पी३८ या दुसऱ्या प्रथिनावरचं फॉस्फेट वाचणारी, अँटिबॉडीही लावली, एन्झाइम खरंच चाललं का हे कळावं म्हणून. फॉस्फो-पी३८ चा बँड पूर्ण पुसला गेला. फॉस्फो-पी६५ चा बँड तसाच राहिला. आता मात्र वाद नव्हता. फॉस्फेट काढून घेतलेला पी६५ ही अँटिबॉडी आनंदाने वाचत होती.

हे होतं कसं, ते अशा अँटिबॉडीच्या घडणीत आहे. ५३६ च्या आजूबाजूचा छोटा पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवतात, त्यातल्या सेरीनवर फॉस्फेट बसवतात आणि तो सशाला टोचतात. सशाच्या रक्तात एक अँटिबॉडी तयार होत नाही, असंख्य होतात. काहींना चिकटायला फॉस्फेट लागतंच. काहींना फॉस्फेटशी देणंघेणं नसतं; त्या शेजारच्या अमिनो आम्लांनाच धरतात. म्हणून शुद्धीकरण दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी फॉस्फेट असलेल्या पेप्टाइडच्या स्तंभावर हव्या त्या अँटिबॉडी अडकवून घ्यायच्या. मग फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडच्या स्तंभावरून त्या पुन्हा सोडायच्या, म्हणजे फॉस्फेटशिवायही चिकटणाऱ्या तिथे अडकून बाजूला पडतात. हा दुसरा टप्पा अपुरा राहिला की व्हायलमध्ये दोन्ही जाती येतात. बँड मग योग्य वजनाला येतो, नॉकआउटमध्ये जातो, दिसायला देखणा असतो, आणि तरीही तो एकूण पी६५ चाच असतो.

हा तर्क तपासता येण्यासारखा होता. आम्ही दोन पेप्टाइड मागवले, एक फॉस्फेटसह, एक साधा. अँटिबॉडी साध्या पेप्टाइडसोबत तासभर ठेवली आणि मग मेम्ब्रेनवर घातली. शून्याची लेन फिकी पडली. पंधरा आणि तीस मिनिटांचे बँड उरले, जुन्या लॉटसारखेच चढत जाणारे. साध्या पेप्टाइडने नको असलेल्या अँटिबॉडींची तोंडं बंद केली होती आणि फॉस्फेट ओळखणाऱ्या मोकळ्या राहिल्या होत्या. फॉस्फेटच्या पेप्टाइडसोबत सगळेच बँड गेले. या संपूर्ण प्रकरणातला मला सगळ्यांत आवडलेला ब्लॉट हाच. एका मेम्ब्रेनवर मिश्रण उलगडून समोर ठेवलं होतं.

शेवटचा पुरावा उत्परिवर्तनाचा. नॉकआउट हेलामध्ये एकदा साधा पी६५ आणि एकदा ५३६ व्या सेरीनच्या जागी अ‍ॅलनीन असलेला पी६५ परत घातला. अ‍ॅलनीनवर फॉस्फेट बसूच शकत नाही. नव्या लॉटने दोन्हीकडे बँड दाखवला. याच जागेसाठीची एक रिकॉम्बिनंट (ठरलेल्या क्रमावरून लॅबमध्ये बनवलेली), सशाची मोनोक्लोनल (एकाच जातीची) अँटिबॉडी आम्ही दरम्यान मागवली होती. तिने फक्त साध्या पी६५ वर, तोही टीएनएफ दिल्यावर, बँड दाखवला.

पुरवठादाराला आम्ही सगळे ब्लॉट पाठवले. त्यांनी व्हायल बदलून दिली आणि त्या लॉटची त्यांची स्वतःची चाचणी पाठवली. ती पाहून मला खूप काही कळलं. त्यांची एक लेन काही न दिलेली, दुसरी टीएनएफ आणि कॅलिक्युलिन-ए दोन्ही दिलेली. कॅलिक्युलिन-ए पेशीतली फॉस्फटेजं बंद पाडतं, त्यामुळे फॉस्फेट प्रचंड साचतं. तो बँड इतका तीव्र की चित्र क्षणभराच्या एक्स्पोजरवर, म्हणजे बँडचा प्रकाश क्षणभरच टिपून, घेतलेलं होतं. इतक्या कमी एक्स्पोजरला पहिल्या लेनमधला फिका बँड उमटतच नाही. ती चाचणी खोटी नव्हती. पण एलपीएस दिलेल्या मॅक्रोफेजमध्ये फॉस्फो-पी६५ त्या मानाने बेताचा असतो. आम्हाला लांब एक्स्पोजर लागत होतं, आणि त्यात एकूण पी६५ वर येऊन बसत होता.

खरं दुखणं पुढे होतं. लेखाचा मसुदा आम्ही तोवर परीक्षणाला पाठवला होता. त्यातल्या तीन आकृत्यांपैकी दोन जुन्या लॉटवर होत्या. तिसरी, संयुग २४ तास दिल्यावर फॉस्फो-पी६५ कमी होतो असं दाखवणारी, नव्या लॉटवर. तिच्यात शून्य मिनिटाची लेनच नव्हती, सगळ्या पेशींना एलपीएस दिलेलं होतं, म्हणून तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. मी संपादकांना लिहिलं की एका आकृतीबद्दल शंका आहे, परीक्षण थांबवावं. विद्यार्थिनीला हे सांगताना मला जड गेलं. तिचा प्रबंधाचा अर्धा अध्याय त्या आकृतीवर उभा होता. ती एवढंच म्हणाली, "लायसेट आहेत ना उणे ऐंशीला. पुन्हा लावते."

तिने गेल्या दीड वर्षाची सगळी लायसेट रिकॉम्बिनंट अँटिबॉडीवर पुन्हा लावली. या वेळी आणखी एक सुधारणा केली. आधी आम्ही फॉस्फो-पी६५ ची तुलना सगळ्या पेशींत असणाऱ्या अ‍ॅक्टिनशी करत होतो. आता सशाची फॉस्फो-अँटिबॉडी आणि उंदराची एकूण पी६५ ची अँटिबॉडी एकाच मेम्ब्रेनवर, दोन वेगळ्या रंगांच्या सेकंडरीने (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणाऱ्या अँटिबॉडीने), एकाच वेळी वाचली. मेम्ब्रेन धुऊन दुसऱ्यांदा वापरलं की पहिल्या अँटिबॉडीचा अंश उरण्याची धास्ती असते, तीही त्यामुळे गेली.

पहिल्या दोन आकृत्या टिकल्या. संयुग तासभर आधी दिलं तर १५ आणि ३० मिनिटांना फॉस्फेट खरोखर कमी लागतं, एकूण पी६५ तेवढाच राहतो. तिसरी टिकली नाही. २४ तासांनंतर फॉस्फेटचं एकूण पी६५ शी प्रमाण बदललेलंच नव्हतं; एकूण पी६५ च कमी झालेला होता. नवा लॉट एकूण पी६५ वाचत होता, म्हणून ती घट त्याने इमानाने दाखवली, आणि आम्ही तिला फॉस्फेटची घट म्हटलं. दोन्हींचा अर्थ फार वेगळा. एकात संयुग आयकेकेच्या वर कुठेतरी निरोप अडवतं. दुसऱ्यात ते पी६५ ची निर्मिती मंदावतं किंवा त्याचा नाश वाढवतं. निष्कर्षाच्या परिच्छेदातली चार वाक्यं आम्ही काढून टाकली आणि एक नवी आकृती घातली.

आता आमच्याकडे फॉस्फो-अँटिबॉडीची व्हायल उघडली की पहिल्यांदा सहा लेनचा एक ठरलेला ब्लॉट होतो : शांत पेशी, टीएनएफ दिलेल्या पेशी, टीएनएफ देऊन फॉस्फटेज लावलेलं लायसेट, नॉकआउट, नॉकआउटमध्ये साधा पी६५, नॉकआउटमध्ये अ‍ॅलनीनवाला पी६५. पहिल्या लेनसाठी मुद्दाम लांब एक्स्पोजरही घेतो. लायसेटचा मोठा साठा एकदाच करून छोट्या अलिकॉटमध्ये ठेवलेला आहे, त्यामुळे हे काम दोन दिवसांत उरकतं. रिकॉम्बिनंट अँटिबॉडीचा अमिनो आम्लांचा क्रम ठरलेला असतो, ससा बदलण्याचा प्रश्न नसतो, तरी तिचीही नवी व्हायल या सहा लेनमधून जाते.

जुन्या लॉटचे शेवटचे दहा मायक्रोलिटर विद्यार्थिनीने वेगळ्या डबीत ठेवले आहेत, झाकणावर तारीख घालून. तिच्या मेम्ब्रेनवर सध्या वेगळाच प्रयोग आहे : संयुगासोबत प्रोटिअसोम बंद पाडणारं औषध दिलं, तर २४ तासांनंतरचा एकूण पी६५ परत येतो का.